हलका स्पर्श कधी जाणवतो, कधी निसटतो: घरच्या घरी मोजायची रीत

नीट निवडलेला बारीक नायलॉनचा दोरा तळहाताच्या मधोमध सारख्याच दाबाने वीस वेळा टेकवला, तर निरोगी माणूस साधारण दहा वेळा "लागलं" म्हणतो आणि दहा वेळा त्याला काहीच कळत नाही. दोरा तोच, दाब तोच, जागा तीच. फरक पडतो तो बराचसा मेंदूत. हा 'निम्म्या वेळा' लागणारा दोरा कसा शोधायचा आणि मग ते प्रमाण मुद्दाम वर-खाली कसं करून बघायचं, ते इथे सांगितलं आहे. नववी-दहावीच्या विज्ञान मंडळाला एका रविवारच्या सकाळी पुरेल एवढं काम आहे. महाग वस्तू एकच, ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा. तो शाळेच्या प्रयोगशाळेत नसेल तर ओळखीच्या सराफाकडे तासाभरासाठी मागावा.

आधी वाट समजून घ्या

एका हाताच्या तळव्याकडच्या कातडीत स्पर्श टिपणारे सुमारे १७,००० चेतातंतू असतात. काही तंतू हलक्या हालचालीला दाद देतात, काही कडा आणि टोकं ओळखतात, काही कातडी ताणली की जागे होतात, तर खोलवरचे काही २०० ते ३०० हर्ट्झच्या थरथरीला विलक्षण संवेदनशील असतात. हलका दाब विजेच्या संकेतात बदलण्याचं काम प्रामुख्याने पिझो-२ हे प्रथिन करतं. ते २०१० मध्ये आर्डेम पटापौटियन यांच्या प्रयोगशाळेत सापडलं आणि २०२१ च्या वैद्यकशास्त्राच्या नोबेलमध्ये या शोधाचा वाटा होता.

तिथून संकेत जाड वेष्टणाच्या तंतूंमधून सेकंदाला ३५ ते ७५ मीटर वेगाने निघतो, मज्जारज्जूच्या मागच्या भागातून त्याच बाजूने वर चढतो, मेंदूच्या देठात पोचल्यावर बाजू बदलतो, थॅलॅमसमध्ये (मेंदूच्या आतलं संकेत पुढे धाडणारं केंद्र) थांबा घेतो आणि विरुद्ध बाजूच्या कॉर्टेक्समधल्या (मेंदूचा बाहेरचा थर) स्पर्शपट्ट्यावर उतरतो. हा पट्टा डोक्याच्या मध्यरेषेपासून कानाच्या दिशेने खाली येतो. १९३७ मध्ये पेनफिल्ड आणि बोल्ड्री यांनी शस्त्रक्रियेच्या वेळी शुद्धीवर असलेल्या रुग्णांच्या मेंदूला सूक्ष्म वीज लावून त्याचा नकाशा काढला. हात आणि ओठ यांनी त्यात भरपूर जागा बळकावलेली असते, पाठीच्या वाट्याला थोडीच येते. मनगटाच्या नसेला विजेचा हलका झटका दिला तर सुमारे २० मिलिसेकंदांत या पट्ट्यावर लहर उमटते. घोट्याजवळ दिला तर सुमारे ३७.

संकेत पट्ट्यावर पोचला म्हणजे स्पर्श जाणवला, असं मात्र नाही. २००५ मध्ये मेक्सिकोतल्या डे लाफुएन्ते आणि रोमो यांनी माकडांच्या बोटाला अगदी क्षीण थरथर देऊन त्यांच्या मेंदूतल्या पेशींची नोंद घेतली. स्पर्शपट्ट्यातल्या पेशी थरथरीच्या जोराप्रमाणे कमी-जास्त पेटत (संकेत सोडत) होत्या, मग माकडाचं उत्तर 'हो' असो की 'नाही'. उत्तराशी जुळत होत्या त्या पुढच्या, कपाळाकडच्या भागातल्या पेशी. माणसांत डोक्यावर इलेक्ट्रोड लावून पाहिलं तरी सूर तोच लागतो. पहिल्या ५० मिलिसेकंदांतल्या लहरींपेक्षा साधारण १०० मिलिसेकंदांनंतरच्या लहरी 'जाणवलं' या उत्तराशी जास्त जुळतात. तोवर संकेत पुढच्या भागांत जाऊन पुन्हा मागे स्पर्शपट्ट्याकडे फिरलेला असतो. हा परतीचा निरोप कुठे उतरतो याचा एक धागा २०१६ मध्ये बर्लिनच्या संशोधकांना उंदरांत मिळाला. कॉर्टेक्सच्या पाचव्या थरातल्या मोठ्या पेशींच्या फांद्या वर पृष्ठभागापर्यंत जातात. या वरच्या फांद्यांमधली हालचाल दाबून टाकली, तर मिशीला होणारा हलका स्पर्श उंदराला ओळखता येईना. जोरदार स्पर्श मात्र चालून जायचा. म्हणून आपला प्रयोगही हलक्याच स्पर्शाचा. जोरात टोचलं तर सगळ्यांचंच उत्तर 'हो' येणार आणि हाती काही लागणार नाही.

दोरा तयार करणं

शिवणकामाच्या दुकानात पारदर्शक एकपदरी नायलॉन धागा मिळतो. सोलापुरात अशा दुकानांची वाण नाही. ०.१२ मिलिमीटरच्या आसपास जाडीचा घ्या. पिळाचा सुती किंवा पॉलिस्टर दोरा चालत नाही, कारण तो ठरावीक दाबाला एकदम वाकत नाही. रिळावरचा धागा वेटोळा झालेला असतो, म्हणून मीटरभर तुकड्याला कुलूप बांधून तो रात्रभर टांगून ठेवा. सकाळी सरळ झालेल्या भागाचे तुकडे करा.

आईस्क्रीमच्या पाच काड्या घ्या. प्रत्येकीच्या टोकाला एक तुकडा काटकोनात फेविक्विकने चिकटवा आणि मोकळी लांबी अनुक्रमे ४०, ३०, २५, २० आणि १५ मिलिमीटर ठेवा. टोक नव्या ब्लेडने आडवं, सपाट कापा. तिरकं कापलं तर टोक सुईसारखं टोचतं आणि स्पर्शाऐवजी वेदनेचे तंतू जागे होतात. मग मोजमाप भलत्याच गोष्टीचं होतं.

दोऱ्याची गंमत अशी की तो एकदा कमानीसारखा वाकला की पुढे कितीही दाबा, कातडीवरचा जोर जवळजवळ तेवढाच राहतो. त्यामुळे हात जड असला तरी फारसं बिघडत नाही. हा जोर लांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात आणि जाडीच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात बदलतो. म्हणजे लांबी निम्मी केली की जोर चौपट, जाडी दुप्पट केली की सोळापट. ०.१२ मिलिमीटरच्या धाग्याला ४० मिलिमीटर लांबीवर साधारण ०.०३ ग्रॅम, ३० वर ०.०६, २० वर ०.१३ आणि १५ वर ०.२३ ग्रॅम इतका जोर येतो. हे आकडे अंदाजाचे आहेत. प्रत्येक धाग्याचा ताठपणा वेगळा असतो, म्हणून काट्यावरचा आकडाच प्रमाण मानावा.

काट्यावर मोजताना एक फसगत ठरलेली. बहुतेक छोटे डिजिटल काटे शून्याजवळचा बारीक बदल स्वतःहून गिळून टाकतात आणि पडद्यावर ०.०० च दाखवत राहतात. त्यावर उपाय म्हणजे ताटलीत आधी दहाचं नाणं ठेवा. काटा ७.७ ग्रॅमच्या आसपास काहीतरी दाखवेल. तो आकडा शून्य न करता तसाच लिहून घ्या. आता दोरा नाण्यावर उभा टेकवून वाकेपर्यंत दाबा, नवा आकडा वाचा आणि वजाबाकी करा. प्रत्येक काडीची पाच मोजमापं घ्या, चढत्या क्रमाने लावा आणि मधलं धरा. पंखा बंद, खिडकी लावलेली. वाऱ्याने काटा हलतो.

मोजमाप प्रयोगाच्या दिवशीच करा. नायलॉन हवेतला ओलावा शोषून मऊ पडतं. एप्रिलच्या कोरड्या हवेत ०.१३ ग्रॅम भरलेली काडी जुलैत त्याहून कमी भरणार.

जागा, वेळ आणि हात

बोटाच्या टोकापेक्षा तळहाताचा मध्य निवडा, याला कारण आहे. १९७० च्या दशकात स्वीडनमध्ये योहान्सन आणि वालबो यांनी माणसाच्या हातातल्या एकेका तंतूत सूक्ष्म इलेक्ट्रोड घालून नोंदी घेतल्या. बोटाच्या टोकावर तंतू पेटण्याचा उंबरठा (त्यासाठी लागणारा कमीत कमी जोर) आणि माणसाला जाणवण्याचा उंबरठा जवळजवळ एकच निघाला. तळहाताच्या मध्यावर मात्र तंतू पेटूनही माणसाला कळत नाही असा जोराचा बराच मोठा टप्पा सापडला. मेंदूच्या हिश्शाचं काम बघायचं असेल तर ते तळहातावर उघड दिसतं.

सकाळी सहा ते आठ ही वेळ बरी. सोलापूरच्या उन्हाळ्यात अकरानंतर पंखा बंद ठेवून कुणी बसणार नाही, आणि घामेजलेल्या तळहातावर मोजमापं रोज वेगळी येतात. घर पूर्व भागात असेल आणि शेजारी यंत्रमाग चालू असतील तर टेबलावर हात ठेवूच नका. जमिनीतून चढणारी थरथर आपल्या लक्षातही येत नाही, पण खोलवरच्या तंतूंना ती पुरेपूर कळते आणि तिच्यात क्षीण स्पर्श हरवून जातो. हात मांडीवर, चार घड्या घातलेल्या चादरीवर ठेवा. माग बंद असतानाची वेळ साधली तर उत्तम.

तळहात वर, बोटं सैल. हाताची पाठ मळलेल्या कणकेच्या गोळ्यात थोडी रुतवली की हात हलत नाही. डोळ्यांवर टॉवेल. रोज भाकरी थापणाऱ्या किंवा मागावर काम करणाऱ्या हाताची कातडी जाड असते, तिला ०.१२ चा दोरा लागणारच नाही. अशा हातासाठी ०.२० मिलिमीटरचा धागा घेऊन काड्यांचा दुसरा संच करावा. आणि आईचा तळहात मुलाच्या तळहाताशी ताडून बघू नका. तुलना प्रत्येकाची स्वतःशीच.

साठ चिठ्ठ्यांची फेरी

पाच काड्यांच्या प्रत्येकी आठ अशा चाळीस चिठ्ठ्या करा आणि त्यांत वीस कोऱ्या मिसळा. कोऱ्या चिठ्ठ्या हा या प्रयोगाचा कणा आहे. त्या वगळल्या तर सदा 'हो' म्हणणारा माणूस सगळ्यांत हुशार ठरतो.

चाचणी घेणारा चिठ्ठी उचलतो, "आता" म्हणतो, दोरा काटकोनात हळूच टेकवतो, किंचित वाकेपर्यंत दाबतो, सेकंदभर ठेवून उचलतो. घासायचं नाही, उडवायचं नाही. कोरी चिठ्ठी आली तरी "आता" म्हणायचंच आणि हातही तसाच पुढे न्यायचा, फक्त दोरा टेकवायचा नाही. चाचणी देणाऱ्याने तीन सेकंदांत 'हो' किंवा 'नाही' एवढंच म्हणायचं. बरोबर की चूक हे त्याला सांगायचं नाही, "अरे वा" सुद्धा नाही. तीस चिठ्ठ्यांनंतर पाच मिनिटं विश्रांती.

प्रयोग फसतो तो बहुतेक वेळा घेणाऱ्यामुळे. कोऱ्या चिठ्ठीला "आता" जरा वेगळ्या सुरात निघतं, नाहीतर खऱ्या स्पर्शाच्या वेळी बाहीची सळसळ होते, बांगडी वाजते. मुलं हे पाच-सात चिठ्ठ्यांतच ओळखतात आणि त्यांनाही ते कळत नाही. आवाज मोबाइलवर रेकॉर्ड करून लावला की निम्मा प्रश्न सुटतो, बाही दुमडली की उरलेला. कोरड्या हवेत दोऱ्यावर स्थिर वीज साठून तो कातडीकडे ओढला जातो. 

हिशोब उदाहरणाने बघू. एका काडीला 'हो' आलं ६० टक्के वेळा. कोऱ्या चिठ्ठ्यांना खोटं 'हो' आलं १५ टक्के वेळा. साठातून पंधरा वजा करा, पंचेचाळीस. त्याला शंभरातून पंधरा वजा करून आलेल्या पंच्याऐंशीने भागा. खरं प्रमाण सुमारे ५३ टक्के. पाचही काड्यांचं असं काढून आलेखावर मांडलं की खाली सपाट, मध्ये चढ आणि वर पुन्हा सपाट अशी वळणदार रेघ मिळते. ५० टक्क्यांच्या जवळची काडी पुढच्या फेऱ्यांसाठी बाजूला ठेवा. रेघ सरळ आडवी आली तर दोरे सगळेच फार जाड किंवा फार बारीक आहेत. खोटं 'हो' तीस टक्क्यांच्या वर गेलं तर आकडे फेकून द्या, माणूस अंदाज बांधत होता.

आता प्रमाण हलवून बघा

निवडलेल्या काडीचे वीस स्पर्श आणि दहा कोऱ्या, अशी एकेक फेरी.

पहिल्या फेरीत देणाऱ्याने ३०० मधून ७ वजा करत मोठ्याने मोजायचं आणि मध्येच 'हो-नाही' सांगायचं. प्रमाण घसरलेलं दिसेल. कातडी आणि दोरा जागच्या जागी आहेत, लक्ष दुसरीकडे गेलं आहे.

दुसऱ्या फेरीत दोरा तळहाताच्या करंगळीकडच्या बाजूला लावा आणि त्याच हाताचा अंगठा सेकंदाला एकदा वर-खाली हलवू द्या. (जागा बदलली म्हणून इथली निम्म्याची काडी पुन्हा शोधावी लागेल.) मेंदू स्वतःच्या हालचालीच्या वेळी त्या भागातून येणारे संकेत दाबून ठेवतो आणि ही दाबणी हालचाल सुरू होण्याच्या थोडी आधीच लागू होते. दुसऱ्या हाताचा अंगठा हलवला तर परिणाम खूपच कमी. दोन्ही करून बघितल्याशिवाय निष्कर्ष काढू नये, नाहीतर तो फक्त लक्ष विचलित झाल्याचा परिणाम असू शकतो.

तिसरी फेरी बजावून सांगण्याची. "जराशी शंका आली तरी हो म्हण," असं सांगा. खरे 'हो' वाढतील, खोटेही वाढतील, आणि वरचा हिशोब केला की त्या वाढीतला काही भाग वजा होईल. माणसाची संवेदना बदललेली नसते, 'हो' म्हणण्याचा बेत बदललेला असतो. या विषयावर लिहिताना हा फरक हटकून विसरला जातो.

काही फेऱ्यांत एरवीच्या माणसाचंही प्रमाण विनाकारण हलतं. त्यातलं थोडं घेणाऱ्याच्या हातामुळे, पण सगळं नाही. स्पर्श होण्याच्या क्षणाआधी स्पर्शपट्ट्यावर ८ ते १४ हर्ट्झची जी लय चालू असते, तिच्या जोरावरही पुढचा स्पर्श जाणवेल की निसटेल हे काही अंशी ठरतं.

'नाही' म्हटल्यावर विचारायचा प्रश्न

सगळ्यांत रोचक भाग हा. निम्म्याहून थोडी कमी लागणारी काडी घ्या. आता प्रत्येक वेळी दोनदा "आता" म्हणा, दोन सेकंदांच्या अंतराने, आणि दोरा त्यांतल्या एकाच वेळी टेकवा. कोणत्या, ते नाणं उडवून ठरवा. देणारा आधी काही जाणवलं का ते सांगतो. 'नाही' म्हणाला तरी त्याला विचारायचं: पहिल्या वेळी की दुसऱ्या वेळी? "कळलंच नाही तर सांगू काय?" असं तो कुरकुरेल. अंदाज सांगायला लावाच.

'नाही'ची चाळीस उत्तरं जमेपर्यंत हे करा, मग अंदाज तपासा. नुसत्या नशिबावर वीसच्या आसपास बरोबर येतात. २७ किंवा जास्त बरोबर आले, तर निव्वळ योगायोगाने तसं होण्याची शक्यता शंभरात सुमारे दोन. म्हणजे संकेत आत पोचला होता, अंदाजाला ढकलण्याइतका होता, पण जाणवण्याइतका नव्हता. यावर एक रास्त आक्षेप आहे: माणसाला अंधूक काहीतरी कळत असेल, पण तो 'हो' म्हणायला कचरत असेल. म्हणून उत्तर दोन पर्यायांऐवजी चार पायऱ्यांत घ्या, 'अजिबात नाही', 'अंधूक', 'बऱ्यापैकी', 'स्पष्ट'. फक्त 'अजिबात नाही' वाले अंदाज मोजले की हा आक्षेप पुष्कळसा बोथट होतो, पुरता मिटत नाही.

वेळ उरला तर

गाड्यांच्या रंगकामाच्या दुकानातून १००० आणि २००० नंबरचा वॉटर पेपर आणा. डोळे मिटून बोट नुसतं टेकवलं तर दोन्ही सारखेच लागतात. बोट फिरवलं की फरक लगेच कळतो. ८० आणि १२० नंबरच्या जाड कागदांचा फरक बोट न हलवताही बऱ्यापैकी कळतो. एक दशांश मिलिमीटरहून बारीक पोत मेंदूला थरथरीतूनच वाचता येतो आणि थरथर हालचालीशिवाय होत नाही. विडीचं पान किंवा कापडाचा पोत जोखणारी बोटं स्वस्थ का बसत नाहीत, ते इथे दिसतं.

१९७२ मध्ये गेल्डार्ड आणि शेरिक यांनी नोंदलेला 'उड्या मारणारा ससा' हाताने जमवणं अवघड आहे, पण करून बघण्यासारखं आहे. मनगटाजवळ पेन्सिलीच्या रबराने पाच टिचक्या आणि लय न तोडता लगेच कोपराजवळ पाच. सेकंदाला किमान पाच-सहा टिचक्या हव्यात. त्यासाठी दोन हातांत दोन पेन्सिली आणि थोडा सराव लागतो. जमलं तर टिचक्या मनगटाकडून कोपराकडे उड्या मारत गेल्यासारख्या वाटतात, जिथे काहीच टेकलं नाही त्या मधल्या जागीही. मनगटावरच्या शेवटच्या टिचक्यांची जागा त्यांच्यानंतर आलेल्या कोपराकडच्या टिचक्या ठरवतात, म्हणजे मेंदू निकाल देण्याआधी थोडा थांबतो.

हे दोरे रोगनिदानासाठी वापरू नयेत. मधुमेहाच्या रुग्णाच्या पायाची तपासणी १० ग्रॅमच्या प्रमाणित दोऱ्याने आणि १२८ हर्ट्झच्या नादकाट्याने होते. घरच्या ०.१३ ग्रॅमच्या काडीला पायाने दाद दिली नाही तर त्यातून काहीही सिद्ध होत नाही, तळव्याची कातडी जाडच असते. पण चप्पल पायातून निसटलेली कळत नसेल, तळव्याला जखम होऊनही दुखत नसेल, किंवा अंगावरच्या फिकट चट्ट्यावर स्पर्श अजिबात लागत नसेल, तर काड्या बाजूला ठेवून सिव्हिलमध्ये किंवा जवळच्या आरोग्य केंद्रात दाखवून घ्यावं. बधिर चट्टा कुष्ठरोगाचा निघाला तर त्यावरची औषधं सरकारी केंद्रात मोफत मिळतात.